सूर्य बघू द्या, पण तुमच्या देखत

पालकहो,

‘सूर्याकडे बघू नकोस, डोळे जातील,’ हे आपण लहानपणी ऐकलं आणि आज मुलांना ऐकवतो. ते शंभर टक्के खरं आहे. पण बहुतेक घरांत बोलणं तिथंच थांबतं आणि मूल दहावी होईपर्यंत सूर्य पुस्तकातला पिवळा गोळाच राहतो. आपला सर्वांत जवळचा तारा, ज्याच्या अंगावरचे डाग आपल्या गच्चीवरून दिसतात, तो मुलांनी कधी पाहिलेलाच नसतो. म्हणून आज तुम्हाला गळ घालायची आहे: मुलांना सूर्य बघू द्या. कसा बघायचा ते मात्र आधी तुम्ही शिकून घ्या.

तारे बघायला गावाबाहेर जावं लागतं, मुलांना जागवावं लागतं. सूर्याचं तसं नाही. शहरातल्या भर वस्तीतही तो तेवढाच दिसतो. साठ-सत्तर मिलिमीटर भिंगाची साधी दुर्बीण त्याला पुरते. सकाळी आठ-नऊच्या सुमाराला, स्लॅब तापायच्या आत बघावं. नंतर गरम हवेमुळे सूर्याची कडा थरथरायला लागते आणि बारीक डाग पुसट होतात.

आता नीट ऐका. दुर्बीण गोळा केलेला प्रकाश एका बिंदूत आणते, त्यामुळे विना फिल्टर क्षणभर डोळा लावला तरी दृष्टिपटल भाजतं. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. मुलाला काही झाल्याचं समजायला काही तास जाऊ शकतात आणि तोवर हातचं गेलेलं असतं. म्हणून फिल्टर नेहमी पुढच्या मोठ्या भिंगावर, म्हणजे सूर्याच्या बाजूला हवा. त्यासाठी खास दुर्बिणीची म्हणून मिळणारी सौर फिल्म घ्या. एक्स-रेची फिल्म, सीडी, काजळी धरलेली काच यांतलं काहीही चालणार नाही. ग्रहणाचा चष्मा लावून दुर्बिणीतून बघणं तर त्याहून घातक. स्वस्त दुर्बिणींबरोबर कधी कधी डोळ्याकडच्या भिंगावर बसवायची एक गडद काच येते. ती उष्णतेनं तडकू शकते, तेव्हा ती घरात ठेवूच नका.

दर वेळी फिल्म दिव्यासमोर धरून तिला टाचणीएवढंही भोक नाही ना, ते बघा. वाऱ्यानं उडू नये म्हणून कडेनं चिकटपट्टी लावा. वरची छोटी शोधक दुर्बीण काढून ठेवा. नेम धरायला तिची गरजही नाही: दुर्बिणीची सावली जमिनीवर सर्वांत आखूड पडली की सूर्य नळीच्या रेषेत आलेला असतो. आणि मूल दुर्बिणीपाशी असेपर्यंत तुम्ही तिथून हलायचं नाही. फोन वाजला तरी नाही. ही अट पाळणं जमणार नसेल तर त्या दिवशी दुर्बीण काढू नका.

एवढं केलं की मग मुलाला वही-पेन्सिल द्या. ११ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ काढून घ्या आणि त्याच्या शेजारी राजगिऱ्याचा एक दाणा ठेवा. सूर्याच्या व्यासात १०९ पृथ्व्या मावतात, म्हणजे या मापात तो एक मिलिमीटरचा दाणा ही आपली पृथ्वी. मग मुलाला डाग जिथं दिसतात तिथं काढू द्या. नीट बघितलं की मोठ्या डागाला मधे काळा गाभा आणि भोवती करडी झालर दिसते. तिथलं प्रबळ चुंबकीय क्षेत्र आतून वर येणारी उष्णता अडवतं. त्यामुळे तो भाग साडेपाच हजार अंशांच्या पृष्ठभागापेक्षा दीड-दोन हजार अंशांनी थंड राहतो, म्हणून काळा वाटतो. मे २०२४ मध्ये डागांचा जो प्रचंड गट आला होता, तो आपल्या वर्तुळात काढला तर ओळीनं पंधराएक दाणे मावले असते. त्याच गटातून उसळलेल्या सौर वादळांमुळे त्या दिवसांत लडाखमध्ये हानलेच्या आकाशात लाल ध्रुवीय प्रकाश दिसला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा चित्र काढायला लावा. डाग थोडा सरकलेला दिसेल. सूर्य स्वतःभोवती फिरतो हे वाक्य मुलानं पाठ केलेलं असतं. इथं ते त्याच्या स्वतःच्या वहीत उतरतं. एका कडेला उगवलेला डाग साधारण दोन आठवड्यांत पलीकडच्या कडेला मावळतो, आणि टिकला तर पुढच्या दोन आठवड्यांनी परततो. तो परततो का, ही वाट बघणं मुलांना फार आवडतं.

टोकियोच्या हिसाको कोयामा यांना त्यांच्या वडिलांनी छोटी दुर्बीण दिली होती. १९४४ मध्ये, ऐन युद्धात, हिसाको यांनी सूर्याचं चित्र काढून जाणकारांकडे पाठवलं. पुढे तिथल्या राष्ट्रीय विज्ञान संग्रहालयात त्या चाळीस वर्षांहून अधिक काळ डाग काढत राहिल्या. चित्रं दहा हजारांवर गेली. अलीकडे चारशे वर्षांच्या सौरडागांच्या नोंदी नव्यानं जुळवल्या गेल्या, तेव्हा त्यांच्या नोंदींचा मोठा आधार झाला. मला यात सर्वांत मोलाचं वाटतं ते त्या वडिलांचं मुलीच्या ओढीला दाद देणं.

आपण मात्र लगेच विचारतो, ‘याचा प्रकल्प होईल का? स्पर्धेला पाठवता येईल का?’ कृपा करून हे विचारू नका. चित्र वेडंवाकडं आलं तर खोडरबर पुढे करू नका. मोबाइल लावून फोटो काढायचा मोहही सुरुवातीला आवरा, कारण फोटो निघाला की मूल बघणं थांबवतं. चित्राखाली तारीख, वेळ आणि आकाश कसं होतं, एवढं लिहिलं की पुरे. ढगाळ दिवशी ‘ढग’ असं लिहायचं; तीही नोंदच.

डागांचं चक्र सुमारे ११ वर्षांचं. ते नुकतंच २०२४ च्या सुमाराला शिखरावर होतं, म्हणजे आता डाग हळूहळू कमी होत जातील आणि कधी कोरा सूर्यही दिसेल. आज दहा वर्षांचं असलेलं तुमचं मूल विशी ओलांडेल तेव्हा एक पूर्ण चक्र त्याच्या वह्यांत असेल.

दुर्बीण विकत घ्यायची घाई करू नका. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करते आहे. अशा एखाद्या हौशी मंडळात मुलाला घेऊन जा, जाणत्या माणसाच्या दुर्बिणीतून दोघंही बघा, फिल्म कशी बसवतात ते हातानं करून बघा. पाऊस ओसरला की ऑक्टोबरपासून आपल्याकडच्या बहुतेक सकाळी मोकळ्या असतात. त्याआधी एक कोरी वही आणून ठेवा.