डेडफायरच्या सागरात उतरणाऱ्या भाच्यास

परीक्षेनंतरच्या सुटीत ‘पिलर्स ऑफ इटर्निटी २ : डेडफायर’ हा संगणकावरील खेळ खेळण्याचा भाच्याचा बेत असून, त्यातला ‘सर्वांत चांगला शेवट’ कसा साधावा हे सांगणारी पायरीपायरीची मार्गदर्शिकाही त्याने आधीच उतरवून ठेवली आहे, असे घरच्या मंडळींकडून कळले. मामाची तक्रार खेळाबद्दल नाही, मार्गदर्शिकेबद्दल आहे. आणि ती पटवायची तर अशा सागरी, निवडींवर चालणाऱ्या कल्पितकथेची ओढ नेमकी कशामुळे लागते, हे आधी पाहणे भाग आहे.

ज्याला ‘रोल-प्लेइंग गेम’ म्हणतात त्या प्रकारात खेळणारा एक पात्र घडवतो, त्या पात्राच्या वतीने बोलतो, लढतो, करार करतो किंवा मोडतो, आणि खेळातले जग त्या वागण्याची नोंद ठेवून पुढे तसा प्रतिसाद देते. या प्रकाराचे मूळ टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळल्या जाणाऱ्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये, म्हणजे 1974 सालात आहे, 1998 च्या ‘बाल्डर्स गेट’ने त्याला संगणकावर एक विशिष्ट घाट दिला, आणि तो घाट पुन्हा जिवंत करण्यासाठी कॅलिफोर्नियातील ऑब्सिडियन एंटरटेनमेंट या संस्थेने लोकवर्गणी काढून 2015 मध्ये ‘पिलर्स ऑफ इटर्निटी’ प्रसिद्ध केला. दुसऱ्या भागासाठी 2017 च्या आरंभी पुन्हा वर्गणी मागितली गेली, तेव्हा 11 लाख डॉलरांचे उद्दिष्ट एक दिवस उलटण्याआधीच गाठले गेले आणि अखेरची रक्कम 44 लाखांच्या घरात पोहोचली. खेळ मे 2018 मध्ये आला. एवढ्या उत्साहाने वर्गणी जमूनही विक्री मात्र आरंभी अपेक्षेपेक्षा बरीच कमी झाली, आणि तरीही त्याचे चाहते आजही त्याच्याविषयी जिव्हाळ्याने बोलतात, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. त्याचे दिग्दर्शक जॉश सॉयर हे इतिहासाचे पदवीधर आहेत, आणि खेळातल्या बेटांवर पाऊल ठेवताच ते लक्षात येते.

कथेची मांडणी थोडक्यात अशी आहे की, एओथास नावाचा देव एका प्रचंड पुतळ्यात शिरून नायकाच्या गढीखालून उठतो, गढी उद्ध्वस्त करतो आणि नायकाच्या आत्म्याचा अंश घेऊन समुद्राकडे चालता होतो; मृत्यूची देवता बेराथ नायकाला या अटीवर परत पाठवते की त्याने एओथासच्या मागावर जावे. हा पाठलाग डेडफायर नावाच्या द्वीपसमूहात होतो, आणि ‘डिफायंट’ या लहानशा जहाजासह नायक वादळाने पोर्ट माजेजवळच्या किनाऱ्यावर आपटतो तेथून खऱ्या अर्थाने खेळ सुरू होतो. पहिला भाग खेळलेल्याला त्यातले आपले निर्णय येथे आणता येतात. न खेळलेल्याला आरंभीच आपला पूर्वेतिहास निवडता येतो, त्यामुळे पहिला भाग हाताशी नाही म्हणून थांबण्याचे कारण नाही.

या खेळात समुद्र नुसती पार्श्वभूमी नाही. नकाशावर जहाज जितके दिवस चालते तितक्या दिवसांचे अन्न आणि गोडे पाणी संपत जाते, खलाशांचा पगार द्यावा लागतो, जखमींसाठी औषध आणि भगदाडे बुजवण्यासाठी डागडुजीचे सामान साठवावे लागते. सुकाणू, दिशादर्शन, स्वयंपाक, शल्यक्रिया आणि तोफा यांसाठी निरनिराळी माणसे नेमावी लागतात, आणि त्यांना दिवसेंदिवस वाळकी, दगडासारखी जहाजी बिस्किटे खायला घातली तर त्यांचे मनोधैर्य खचते आणि गोष्ट बंडापर्यंत जाऊ शकते. वरवर हा हिशेबाचा कंटाळवाणा भाग वाटतो, परंतु निवडीला वजन येते ते येथेच. संकटात सापडलेल्या एखाद्या बेटावर थांबायचे की पुढे जायचे, हा प्रश्न किनाऱ्यावर बसून सोडवला तर त्यात केवळ सदिच्छेची कसोटी लागते. पाण्याची पिंपे तळाला आलेली असताना आणि पगाराचे देणे थकलेले असताना तोच प्रश्न समोर आला की उदार होण्याची किंमत आकड्यांत दिसू लागते, आणि ती भरणारे आपण एकटे नसून आपल्या हुकुमाखालचे खलाशीही असतात.

जहाजांमधली लढाई हा मात्र या खेळातला फिका भाग आहे, हे आधीच सांगितलेले बरे. शिडे भरायची, जहाज वळवायचे, अंतर कमी करायचे, तोफा डागायच्या, असे हुकूम पाळीपाळीने द्यायचे आणि त्यांचे परिणाम बहुतांशी मजकुरातच वाचायचे, अशी तिची रचना असून दहापाच लढायांनंतर ती यांत्रिक होते. शत्रूच्या जहाजाला भिडून त्याच्या डेकवर हातघाईची लढाई करण्याची वाट खुली आहे, ती घ्यावी. जमिनीवरची लढाई मूळ रूपात सलग चालते आणि हवी तेव्हा थांबवून हुकूम देता येतात. 2019 पासून पाळीपाळीने खेळण्याची पद्धतही जोडली गेली, आणि नवख्याला ती अधिक मानवेल.

आता निवडींकडे वळू. या समुद्रावर चार सत्ता एकमेकींना रेटत आहेत. मूळ रहिवासी हुआना, ज्यांच्या जमातींना एका छत्राखाली आणू पाहणारी राणी ओनेकाझा दुसरी नेकेटाका शहरातून राज्य करते, रौआताई साम्राज्याची रॉयल डेडफायर कंपनी, जी तोफा, शिस्त आणि सुव्यवस्थेची भाषा घेऊन आली आहे, वैलियन प्रजासत्ताकांची व्यापारी कंपनी, जिचा डोळा आद्रा नावाच्या, ज्यातून आत्मे वाहतात अशा सजीव खनिजावर आहे आणि जी आत्म्याच्या विज्ञानाचे, म्हणजे त्या जगातल्या ‘अॅनिमन्सी’चे, आश्वासन देते, आणि एका कोसळलेल्या साम्राज्याच्या परागंदा सरदारांपासून वंश सांगणारे प्रिन्सिपी नावाचे चाचे. सनद घेऊन व्यापाराला निघालेली कंपनी किल्ले बांधते, सैन्य ठेवते आणि तरीही स्वतःला व्यापारीच म्हणवते, ही गोष्ट मराठी वाचकाला कल्पित वाटण्याचे कारण नाही. 1600 मध्ये लंडनला आणि 1602 मध्ये नेदरलँड्सला ज्या कंपन्या स्थापन झाल्या त्यांचीच ही सावली आहे; आणि अठराव्या शतकाच्या आरंभीच्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी टोपीकरांविषयी, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांविषयी, जो इशारा दिला, की हे इतर सावकारांसारखे सावकार नव्हेत, त्यांच्या पाठीशी राज्ये उभी आहेत आणि किनाऱ्यावर त्यांना पक्की जागा देणे घातक आहे, तो राणी ओनेकाझाच्या दरबारात कोणी वाचून दाखवला असता तर त्यातला एकही शब्द बदलावा लागला नसता.

चाच्यांबाबतही हीच सावधगिरी हवी. पोर्तुगीज गोव्यातून परवाने देत आणि परवान्याविना फिरणारे जहाज पकडत, तेव्हा तो कायदा ठरे. सरखेल कान्होजी आंग्रे आपल्या दस्तकाविना जाणारी जहाजे अडवत, तेव्हा इंग्रजांच्या कागदांत ती चाचेगिरी ठरे. ओहोटीच्या वेळी अलिबागहून कुलाब्यापर्यंत चालत गेलेल्या कोणालाही, समुद्रावर कायदा कोणाचा हा प्रश्न किती जुना आहे, हे वेगळे सांगायला नको. अर्थात प्रिन्सिपी म्हणजे आंग्रे नव्हेत, आणि तसे मानण्याचा मोह भाच्याने टाळावा. त्यांच्यातला फुरांते हा सभ्य, जुन्या वळणाचा पुढारी गुलामांच्या व्यापाऱ्यांशी हातमिळवणी करून बसला आहे, तर त्या व्यापाऱ्यांचा नायनाट करू पाहणारी एल्डिस स्वतः बेबंद लुटारू आहे. गुलामगिरीविरुद्ध उभे राहायचे तर लुटीला हात द्यावा लागतो, असे कोडे येथे हळूच समोर ठेवले जाते आणि त्याचे उत्तर कोणी सांगत नाही.

हुआनांना सोज्वळ पीडित म्हणून रंगवण्याचा सोपा मार्गही लेखकांनी नाकारला, हे त्यांचे सर्वांत मोठे यश मानावे लागेल. हुआना समाज जातींत विभागलेला आहे. सर्वांत खालच्या रोपारूंच्या वाट्याला वरच्यांचे जेवण झाल्यावर जे उरेल ते येते, आणि नेकेटाकाचे राजवाड्याकडे चढत जाणारे टुमदार भाग पाहून झाल्यावर खेळणारा ‘गलेट’ नावाच्या खोल, अंधाऱ्या वस्तीत उतरतो तेव्हा परकी कंपन्यांना हाकलून देणे म्हणजे न्याय, हे समीकरण डळमळू लागते. महाराष्ट्रात वाढलेल्या वाचकाला ही वस्ती गावकुसाबाहेरची वाटेल, आणि परकी सत्ता जावी की जात जावी, आधी कोणते, हा वाद येथे एकोणिसाव्या शतकापासून किती तीव्रतेने झडला ते त्याला आठवेल. खेळ या वादाला न्याय देतो का? पूर्णपणे नाही, रोपारूंना स्वतःचा आवाज कमी आहे आणि त्यांच्याविषयीचे निर्णय शेवटी दुसरेच घेतात. परंतु जहाजाचा कप्तान हाही त्या ‘दुसऱ्यां’तलाच आहे, ही जाणीव सोबत राहते. निर्जन किंवा नकाशात नसलेले बेट सापडले की त्याला आपल्या मनाचे नाव देण्याची सोय खेळात आहे, आणि पहिली दोनतीन नावे ठेवताना जो आनंद होतो त्याकडे भाच्याने जरा संशयाने पाहावे.

दुसरी ओढ सोबत्यांची आहे. नायकासह पाचच जणांना किनाऱ्यावर उतरता येते, त्यामुळे बाकीच्यांना जहाजावर ठेवावे लागते, आणि या सोबत्यांपैकी काहींची निष्ठा वर सांगितलेल्या सत्तांना वाहिलेली असते. पालेजिना वैलियन प्रजासत्ताकांची सेवक आहे, माया रुआ रौआताईची नेमबाज आहे, टेकेहू हुआनांचा लाडका, सेराफेन प्रिन्सिपींचा. त्यांचे एकमेकांविषयीचे आणि नायकाविषयीचे मत प्रत्येक बोलण्यागणिक सरकत राहते. माया काही पाकिटे पोहोचवण्याचे काम सांगेल. त्यात काय आहे हे येथे लिहिलेले नाही, आणि मार्गदर्शिकेत लिहिलेले असेल तर ते पान वाचू नये. मैत्रीखातर केलेले एक साधे काम आपल्याला कोणत्या साखळीत ओवते, हे उशिरा कळण्यातच त्या प्रसंगाची सगळी ताकद आहे.

येथे मार्गदर्शिकेचा मुद्दा येतो. एक रहस्य मामा जाणूनबुजून फोडत आहे : एओथासला थांबवता येत नाही. मृत आत्म्यांना पुनर्जन्माकडे नेणारे चक्र तोडण्याचा त्याचा संकल्प आहे, आणि नायक कोणाच्याही बाजूने गेला, कितीही कुशलतेने बोलला, तरी ते चक्र तुटते. अखेरच्या संभाषणात देवाला काही पटवून देता येते, पण त्याला परतवता येत नाही. अनेकांना हा खेळाचा दोष वाटला. निवडींवर चालणाऱ्या खेळात सर्वांत मोठी निवडच नाही, ही तक्रार समजण्याजोगी आहे, परंतु ती निवडीचा अर्थ फार अरुंद धरते. देव काय करणार हे ठरलेले असताना, त्यानंतरच्या जगात समुद्र कोणाच्या ताब्यात असेल, कोण उपाशी राहील आणि कोणत्या मित्राने जहाज सोडलेले असेल, एवढेच कप्तानाच्या हातात उरते; आणि ते थोडे नाही. म्हणून ‘सर्वांत चांगला शेवट’ या खेळात नाहीच. जे चार गट शेवटी उकाइझो या हरवलेल्या नगरीकडे जाण्याचे साधन देऊ करतात ते प्रत्येकी त्याचा मोबदला मागतात, एकाचा मोबदला दिला की दुसऱ्याचे दार लागते, आणि कोणाचाच हात न धरता एकट्याने जाण्याची वाटही आहे, जिच्यात कोणाचे ऋण नसते पण मागे राहिलेल्यांची सोयही नसते.

तेव्हा भाच्याने पहिला फेरा मार्गदर्शिकेविना खेळावा. निर्णयानंतर पस्तावा झाला की आधीची नोंद उघडून तो पुसून टाकण्याची जी सवय या खेळांनी सर्वांना लावली आहे ती किमान संवादांपुरती सोडावी. लढाईत हरल्यावर मागे जाणे वेगळे, त्यात लाज नाही. एकच नोंद ठेवणारा आणि पात्र मेल्यास तीही पुसणारा ‘ट्रायल ऑफ आयर्न’ हा कठोर प्रकारही उपलब्ध आहे, पण तो पहिल्या फेऱ्यासाठी नव्हे. तेथे मरणाच्या भीतीने माणूस जपून खेळतो, आणि जपून खेळणारा कप्तान नवीन बेटांवर उतरत नाही. अवघडपणाची पातळी मध्यम किंवा सोपी ठेवण्यास हरकत नाही. संवाद मात्र भराभर पुढे ढकलू नयेत. अनोळखी संज्ञेवर बाण नेला की तिचा अर्थ तेथेच उघडतो, आणि ही सोय नसती तर दोन तासांत नावांच्या गर्दीत कोणीही गोंधळून गेला असता. मुख्य कथेची घाई लावली जाते, देव पुढे चालला आहे असे वारंवार बजावले जाते, पण खेळातले घड्याळ त्यासाठी थांबून राहते. कथेतली निकड आणि बेटे धुंडाळण्याची मोकळीक यांचा मेळ लेखकांना साधलेला नाही, हे मान्य करून निकडीकडे खुशाल दुर्लक्ष करावे.

खेळ लांबलचक आहे. सुटीतले सगळे दिवस त्यात गेले तर भाच्याची आई मामालाच बोल लावेल, म्हणून रोज एखादे बेट किंवा नेकेटाकातला एखादा विभाग संपला की जहाज बंदराला लावून उठावे. तीन जोड-कथा, ज्या 2018 मध्येच निघाल्या, त्या पहिल्या फेऱ्यात वगळल्या तरी चालेल, त्यांतली ‘बीस्ट ऑफ विंटर’ तेवढी पुढे कधीतरी पाहावी. शेवट झाल्यावर कोणाची बाजू घेतली आणि कोणत्या प्रसंगी ती घेण्याचे ठरले, एवढे सविस्तर कळवावे. राणीची बाजू घेतली असल्यास रोपारूंविषयी राणीशी काय बोलणे झाले, हेही लिहावे.