पोर्ट उघडं, काम ठप्प

फाइल सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रत्येकाला मला कळकळीनं एक सांगायचं आहे: सर्व्हर जिवंत आहे का, एवढंच विचारून थांबू नका. त्याला खरं काम द्या आणि ते किती वेळात होतं ते मोजा.

मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत यंत्रणा पाहत होतो. सगळ्यांच्या होम डिरेक्टरी आणि गणनांचे निकाल एकाच लिनक्स एनएफएस सर्व्हरवर होते. एका सकाळी विद्यार्थ्यांचे फोन सुरू झाले. लॉगिन होत नव्हतं, 'एलएस' दिलं की टर्मिनल गोठत होतं. डॅशबोर्ड मात्र हिरवागार. पिंगला उत्तर येत होतं, 2049 पोर्ट उघडं होतं, 'आरपीसीइन्फो -पी'च्या यादीत एनएफएस, माउंटडी, लॉक मॅनेजर सगळे नोंदलेले होते. कारण सापडायला दुपार झाली. अ‍ॅरेतली एक डिस्क पुरती बंद पडली नव्हती, खराब सेक्टर पुन्हापुन्हा वाचत अडकली होती. तोवर एका विद्यार्थिनीची मोठी गणना वाया गेली. तिच्या मशीनवर सॉफ्ट माउंट होता. टाइमआउट होताच 'राइट' एरर देऊन परतला, प्रोग्रॅमनं तो एरर तपासला नाही आणि निकालाची फाइल अर्धवट राहिली.

सगळं हिरवं का दिसत होतं, ते समजून घ्यायला हवं. 111 पोर्टवरचा आरपीसीबाइंड हा दारावरच्या पहारेकऱ्यासारखा असतो. साहेब आत आहेत एवढं तो सांगेल, साहेबांच्या हातून काम होतंय का, हे त्याला ठाऊक नसतं. 2049 वरचं टीसीपी कनेक्शनही कर्नल परस्पर स्वीकारतं. खरं काम करतात ते एनएफएसडीचे थ्रेड. अनेक लिनक्स वितरणांत त्यांची मूळ संख्या बराच काळ फक्त 8 होती. ते सगळे डिस्कची वाट पाहत अडकले की नव्या विनंतीला वालीच उरत नाही. अडकलेले थ्रेड 'डी' स्थितीत असतात आणि लिनक्स त्यांना लोड अ‍ॅव्हरेजमध्ये धरतं. त्यामुळे सीपीयू रिकामा आणि लोड चढलेला, असं दिसलं तर आधी डिस्ककडे पाहा.

तपासणीच्या तीन पायऱ्या ठेवा. पहिली, नल कॉल. प्रत्येक आरपीसी सेवेत शून्य क्रमांकाची रिकामी प्रोसीजर असते. 'आरपीसीइन्फो -टी' देऊन एनएफएसच्या तुमच्या आवृत्तीसाठी तिला हाक मारा. उत्तर आलं तर निदान एक थ्रेड मोकळा आहे. फक्त आवृत्ती 4 चालवणाऱ्या सर्व्हरवर आरपीसीबाइंड बंद असू शकतो, तेव्हा '-एन 2049' देऊन पोर्ट स्वतः सांगा.

दुसरी पायरी सर्वांत महत्त्वाची, कारण नल कॉल डिस्कला हातच लावत नाही. वेगळ्या मशीनवरून माउंट करा, छोटी फाइल लिहा, एफसिंक करा आणि लागलेला वेळ नोंदवा. नुसत्या 'स्टॅट'वर विसंबू नका, त्याचं उत्तर क्लायंटच्या कॅशमधूनही येतं. एक्स्पोर्टवर 'असिंक' असेल तर डेटा डिस्कवर पोचण्याआधीच सर्व्हर होकार देतो, मग ही मोजणीही फसवी ठरते.

तिसरी पायरी, कल पाहणं. क्लायंटवर 'एनएफएसआयओस्टॅट' चालवा. आरटीटी वाढला तर दोष नेटवर्कमध्ये किंवा सर्व्हरमध्ये. आरटीटी कमी असून 'एक्झी' वाढला तर विनंत्या क्लायंटच्याच रांगेत तुंबताहेत. 'रीट्रान्स' चढत असेल तर पॅकेट हरवताहेत का, सर्व्हर दमलाय का, ते तपासा. एका आकड्यावरून निष्कर्ष काढू नका. आठवडाभराचे आकडे समोर असले की नेहमीचं काय आणि वेगळं काय, ते लगेच कळतं.

'सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग' ही लॉगमधली ओळ उशिरा येते. टीसीपी माउंटवर 'टाइमओ'ची मूळ किंमत 600 असते. ती सेकंदाच्या दशांशात मोजतात, म्हणजे पहिला पुनर्प्रयत्नच 60 सेकंदांनी. महत्त्वाचा डेटा लिहायचा असेल तिथे हार्ड माउंटच ठेवा. काम थांबणं परवडतं, अर्धवट फाइल परवडत नाही.

तपासणारी स्क्रिप्टही अडकू शकते. तिला 'टाइमआउट' लावा, पण सिग्नल 'किल' द्या. 2.6.25 पासूनच्या कर्नलमध्ये एनएफएसची वाट पाहणारी प्रक्रिया त्यानं मारता येते. आधीची तपासणी संपली नसेल तर नवी सुरू होऊ देऊ नका, नाहीतर त्यांचाच ढीग साचतो. तपासणी चालवणाऱ्या मशीनची होम डिरेक्टरी, लॉग आणि मेलची रांग त्याच सर्व्हरवर नकोत.

शेवटी अलर्टची परीक्षा घ्या. चाचणीच्या सर्व्हरवर वेगळ्या पार्टिशनमधली फाइल सिस्टिम एक्स्पोर्ट करा आणि 'एफएसफ्रीझ -एफ'नं गोठवा. पोर्ट उघडं राहील, सुरुवातीला नल कॉललाही उत्तर येईल, पण लिहिणं थांबेल. अलर्ट किती वेळात आला ते लिहून ठेवा आणि '-यू' देऊन फाइल सिस्टिम मोकळी करा. अलर्टआधी वापरणाऱ्याचा फोन येईल इतका तो वेळ असेल, तर अलर्टची वेळमर्यादा कमी करा आणि पुन्हा गोठवून पाहा.