ताकदीच्या सलाईनआधी पोटॅशियम तपासा

हृदयाच्या गोळ्या घेणाऱ्याला अशक्तपणा आला की कुणीतरी हमखास सांगतं, ‘एक सलाईन लावून घ्या, बरं वाटेल.’ त्यात हजार-दीड हजार सहज जातात. माझं आग्रहाचं सांगणं, आधी सीरम इलेक्ट्रोलाइट्स (सोडियम, पोटॅशियम) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) करून घ्या. नवी मुंबईत खासगी लॅबमध्ये दोन्हींचे मिळून साधारण पाचशे ते हजार रुपये होतात. पालिकेच्या वाशी, नेरूळ, ऐरोलीच्या रुग्णालयांतही चौकशी करा, तिथे खर्च बराच कमी येतो.

रामिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन ही औषधं शरीरात पोटॅशियम धरून ठेवतात. रक्तात ते साधारण ३.५ ते ५ असावं. सहाच्या वर गेलं तर ठोके बिघडू शकतात, आणि पुष्कळदा आधी काही जाणवतही नाही. मूत्रपिंड मंदावलेलं असेल तर धोका अधिक. ‘लो सोडियम’ मिठात बहुधा पोटॅशियम क्लोराईड असतं, शहाळ्यातही पोटॅशियम भरपूर. मोठा घात होतो तो पोटॅशियमच्या जुन्या सिरपने. लघवीची गोळी चालू असताना डॉक्टरांनी ते दिलेलं असतं; पुढे गोळी बदलते, सिरप तसंच चालू राहतं. त्याच्या १५ मिलिमध्ये दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड असतं. म्हणून दर तपासणीला औषधांची पिशवीच डॉक्टरांसमोर रिकामी करा.

साधं सलाईनही निरुपद्रवी नाही. अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, म्हणजे जवळजवळ दिवसभराचं. हृदयाचं पंपिंग कमी असलेल्याच्या फुप्फुसात त्याने पाणी भरू शकतं. मग आयसीयू, आणि खासगीत दिवसाला दहा हजारांच्या पुढचं बिल.

ताकदीसाठी दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांचंही तसंच. डिगॉक्सिन चालू असेल तर शिरेतून कॅल्शियम देण्याआधी ते सांगाच. क्लोरथॅलिडोनसोबत कॅल्शियमच्या गोळ्या आणि सहा लाख युनिटचं डी-जीवनसत्त्वाचं इंजेक्शन घेतलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढू शकतं. वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमरॉल घेणाऱ्याला दंडात-कमरेत इंजेक्शन दिलं तर स्नायूत रक्त साकळू शकतं. सलाईनच्या बाटलीत काय काय मिसळलं, ते केसपेपरवर लिहून मागा. तो तुमचा हक्क आहे. हृदयाच्या गोळ्या मात्र मनाने बंद करू नका.

तपासणीसाठी रक्त देताना मुठीची सारखी उघडझाप केली तर पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं. आकडा जास्त आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, ते पुन्हा तपासणी आणि ईसीजी सांगतील. ईसीजीचे दोनशे ते चारशे होतात. छातीत धडधड, चक्कर किंवा हातापायांतलं बळ गेल्यासारखं वाटलं तर रिपोर्टची वाट न पाहता १०८ लावा. ती रुग्णवाहिका मोफत आहे.