डिकीतला सबवूफर : बॉक्स बंद की पोर्टवाला?

प्रश्न : हॅचबॅकमध्ये १२ इंची सबवूफर बसवायचाय. दुकानदार पोर्टवाल्या बॉक्सचा आग्रह धरतोय. मी शास्त्रीय संगीत जास्त ऐकतो. काय घ्यावं?

उत्तर : दुकानात पोर्टवालाच जास्त दणकतो, म्हणून तो खपतो. त्याच अँपवर, पोर्टच्या ट्यूनिंगच्या आसपास साधारण ३ डेसिबल जादा मिळतात, हे खरंच. पण ट्यूनिंगच्या खाली कोनचा हवेचा आधार सुटतो आणि तो मोकाट हलतो. सबसॉनिक फिल्टर नसेल तर सबवूफर जायची भीती. शिवाय सीलबंदला सुमारे २८ लिटर पुरतात, पोर्टवाल्याला ५०-६० लागतात. बॅगा मग मांडीवर घ्या!

सीलबंदचा आवाज खाली ऑक्टेव्हला १२ डेसिबलने उतरतो, पोर्टवाल्याचा २४ने. त्यातच बंद गाडीची केबिन खालच्या स्वरांना स्वतःच उचल देते, त्यामुळे सीलबंदची तूट बरीच भरून निघते. डग्ग्याची घुमक त्यात नेमकी, सुटी ऐकू येते. तुम्ही सीलबंदच घ्या.

फक्त आधी सबवूफरच्या माहितीपत्रकातल्या एफएसला (Fs, म्हणजे कोनची नैसर्गिक कंपनसंख्या) क्यूईएसने (Qes, म्हणजे त्याचा विद्युत-अवमंदनाचा आकडा) भागून बघा. उत्तर ५०च्या आसपास किंवा खाली आलं तर उत्तम; १००च्या घरात गेलं तर तो सबवूफरच पोर्टसाठी बनवलेला, दुसरा मागा.