आयनांबराचे संशोधन आणि आपला प्रदेश

रात्री रेडिओ लावला असता दिवसा कधीही न लागणारी दूरदूरची केंद्रे अचानक ऐकू येऊ लागतात, हा अनुभव खेड्यापाड्यांतील श्रोत्यांना जुना आहे. दिवस मावळला की पुष्कळ उंचीवर काहीतरी पालटते, एवढे त्यावरून कळते. जे पालटते त्याला शास्त्रज्ञ आयनांबर म्हणतात.

जमिनीपासून सुमारे ६० किलोमीटरच्या वर हवा अतिशय विरळ होते. सूर्याचे जंबुपार व क्ष किरण तेथील अणूंवर आदळून त्यांच्यातील इलेक्ट्रॉन सुटे करतात. अशा सुट्या इलेक्ट्रॉनांचे थर अनेकशे किलोमीटर उंचीपर्यंत पसरलेले असतात. सर्वांत खालचा, ६० ते ९० किलोमीटर उंचीवरचा थर दिवसा मध्यम तरंगांची शक्ती शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो जवळजवळ नाहीसा होतो. मग वरच्या थरांवरून परतलेले तरंग शेकडो मैलांवर जाऊन पोहोचतात. १९०१ साली मार्कोनी याने अटलांटिक महासागरापलीकडे बिनतारी संदेश पाठविला, तेव्हा पृथ्वीच्या गोलाईला वळसा घालून तरंग गेले कसे, असा प्रश्न पडला. वर विद्युत्‌वाहक थर असावा, असे केनेली व हेविसाइड यांनी १९०२ मध्ये सुचविले. तो प्रत्यक्ष असल्याचे ॲपलटन याने १९२४ मध्ये प्रयोगाने दाखविले आणि त्या कार्याबद्दल त्यास १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

येथवरचा इतिहास पाठ्यपुस्तकांतून आढळतो. आपल्या प्रदेशाशी ज्याचा निकट संबंध आहे तो भाग मात्र त्यांत क्वचितच येतो.

भूगोलातील विषुववृत्त भारताच्या दक्षिणेस समुद्रातून जाते. परंतु पृथ्वीच्या चुंबकत्वाचे विषुववृत्त, म्हणजे जेथे टांगलेली चुंबकसूची अगदी आडवी राहते ती रेषा, द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाजवळून जाते. याच कारणास्तव केरळातील थुंबा या कोळ्यांच्या गावाची निवड अग्निबाण सोडण्यासाठी करण्यात आली. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी सायंकाळी तेथून पहिला अग्निबाण उडाला व त्याने आकाशात सोडियमच्या वाफेचा नारिंगी पट्टा उमटविला. तो पट्टा वाऱ्याने कसा वाहतो हे पाहून वरच्या वातावरणातील वाऱ्यांचा वेग मोजता आला. गावातील चर्चच्या इमारतीत त्या वेळी प्रयोगशाळा थाटली होती. मोठ्या शास्त्राचा आरंभ इतक्या साध्या जागेतून झाला, ही गोष्ट शिक्षकांनी विद्यार्थ्यांस अवश्य सांगण्याजोगी आहे.

या रेषेवर दिवसा सुमारे १०५ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे विजेचा एक प्रबळ पण अरुंद प्रवाह वाहतो. पेरू देशातील ह्वांकायो येथील वेधशाळेत चुंबकसूचीचा दैनिक हेलकावा इतर ठिकाणांपेक्षा कितीतरी मोठा दिसत असे, त्याचे कारण हाच प्रवाह. थुंब्याहून सोडलेल्या अग्निबाणांतील उपकरणांनी त्याचा येथेही वेध घेतला.

प्रवाहास कारणीभूत असलेले विद्युत्‌क्षेत्र आणखी एक काम करते. चुंबकीय विषुववृत्तावरील इलेक्ट्रॉन व आयन ते दिवसभर वर उचलीत राहते. पुष्कळ उंच गेल्यावर हे कण पृथ्वीच्या चुंबकीय रेषांवरून घसरत उत्तरेस व दक्षिणेस खाली उतरतात. कारंज्याचे पाणी मधोमध उसळते व दोन्ही अंगांस पडते, तसाच हा प्रकार. शास्त्रज्ञांनीही त्यास कारंजे असेच नाव दिले आहे. परिणामी विषुववृत्तावर, जेथे सर्वाधिक इलेक्ट्रॉन असावेत असे वाटते, तेथे ते कमी राहतात, आणि दोन्ही बाजूंस थोड्या अंतरावर त्यांची रास पडते. ॲपलटन याने १९४६ मध्ये ही विसंगती दाखविली. त्याच वर्षी कलकत्त्याचे प्रा. शिशिरकुमार मित्र यांनी तिचा संबंध पृथ्वीच्या चुंबकीय रेषांशी जोडला.

ही उत्तरेकडची रास पडते कोठे? अहमदाबाद, बडोदे, इंदूर, भोपाळ या पट्ट्यात. ती रोज एकाच जागी नसते. काही दिवशी दक्षिणेकडे सरकते, काही दिवशी अगदी दुबळी असते. गोवा, बेळगाव व हैदराबाद हे कारंज्याचे मूळ आणि रास यांच्या मधल्या उतारावर येतात, तर ग्वाल्हेर राशीच्या पलीकडे. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेला म्हणूनच आकाशातील हा डोंगर डोक्यावरच लाभला आहे.

सूर्यास्तानंतर हे आवरण आणखी चंचल होते. विषुववृत्तावरील थर झपाट्याने वर चढतो आणि त्याच्या तळाशी पोकळ बुडबुडे तयार होऊन वर उठतात. हे बुडबुडे शेकडो किलोमीटर पसरतात. त्यांतून येणारे उपग्रहाचे संकेत ताऱ्यांप्रमाणे लुकलुकतात, कधी तुटतातही. मार्च-एप्रिल व सप्टेंबर-ऑक्टोबर या महिन्यांत, विशेषतः सूर्यावरील डाग वाढलेले असता, हा उपद्रव अधिक.

याचा ग्रामस्थांशी संबंध काय, असे कोणी विचारील. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणातील घरांची मोजणी ड्रोन व उपग्रहांच्या साह्याने होते. उपग्रहाचा संकेत इलेक्ट्रॉनांच्या थरातून येताना किंचित रेंगाळतो व अंतर खरे आहे त्याहून जास्त भासते. साध्या उपकरणात ही चूक काही मीटरची असते आणि राशीखाली, सूर्य प्रक्षुब्ध असता, दहा-वीस मीटरांवरही जाते. घराच्या हद्दीबाबत एवढी चूक म्हणजे भाऊबंदकीच्या दाव्यास आमंत्रणच. म्हणून ज्याचे स्थान अचूक ठाऊक आहे अशा केंद्रावर तीच चूक मोजून ती वजा करतात. परंतु केंद्र व शेत यांच्यावरचे आयनांबर सारखे असेल तरच हा हिशेब जुळतो. आपल्याकडे थोड्याच अंतरात इलेक्ट्रॉनांचे प्रमाण बदलते. त्यामुळे थंड प्रदेशांतील शांत आयनांबरासाठी बसविलेली समीकरणे येथे तंतोतंत लागू पडत नाहीत.

विमानांसाठी ‘गगन’ ही प्रणाली उभारताना भारतीय अंतराळ संशोधन संस्था व विमानतळ प्राधिकरण यांना हीच अडचण मुख्य होती. देशभर केंद्रे बसवून, वर्षानुवर्षे येथलीच मापे घेऊन त्यांनी स्वतंत्र गणित बसविले. २०१५ मध्ये गगनला विमान उतरविण्याच्या कामी मान्यता मिळाली, आणि एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातील किशनगढ येथे तिच्या आधारे विमान उतरविण्याची चाचणी झाली.

कधी कधी सूर्यावरून निघालेला कणांचा लोट पृथ्वीच्या चुंबकांबरावर आदळतो व चुंबकीय वादळ होते. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत्या. सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड वादळात तेथील निरीक्षकांनी डोळ्यांनी काटा वाचीत नोंदी चालू ठेवल्या. आडवे चुंबकीय बल सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी, म्हणजे सुमारे चार टक्के, घसरल्याचे त्यांत दिसते. त्या वादळाचे मोजमाप करू पाहणारे शास्त्रज्ञ आजही या वहीकडे वळतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली १९०४ मध्ये अलिबागेस नवी वेधशाळा उभी राहिली. मे २०२४ च्या वादळात लडाखमधील हानले येथून आकाश तांबूस दिसले. अमेरिकेत उपग्रहांवर चालणारे ट्रॅक्टर ऐन पेरणीत भरकटल्याने शेतकऱ्यांस काम थांबवावे लागले.

शाळांना यातील एक वेध विनाखर्च घेता येईल. मध्यम तरंगांचा रेडिओ घेऊन दुपारी, सूर्यास्ताच्या वेळी आणि रात्री आठ वाजता कोणकोणती केंद्रे लागतात ते विद्यार्थ्यांनी महिनाभर वहीत नोंदवावे. सूर्यास्ताची वेळ पंचांगात मिळते. दूरचे केंद्र प्रथम कोणत्या मिनिटाला ऐकू आले, ते तिच्या शेजारी लिहावे.