नाव नको, माप सांगा

पहिल्या पिढीच्या होंडा सिटीचा टायमिंग बेल्ट घरी बदलायला घेतलात, तर बेल्ट नजरेला पडायच्या आधीच एक बोल्ट आडवा येतो. क्रँकशाफ्टच्या टोकाला असलेली पुली याच बोल्टनं बसवलेली असते. मुळात तो घट्ट आवळलेला, त्यात वीसेक वर्षं इंजिनाची धग खाल्लेला. पुली निघाल्याशिवाय खालचं कव्हर निघत नाही आणि कव्हर निघाल्याशिवाय बेल्ट हाती लागत नाही. माझ्याकडे ही गाडी बरीच वर्षं आहे, तिची बहुतेक कामं मी सोसायटीच्या पार्किंगमध्येच करतो. हत्यारांच्या खरेदीबद्दल जे काही कळलं, त्यातलं निम्मं या एका बोल्टमुळे कळलं.

खरी अडचण पुली धरून ठेवण्याची आहे. बोल्टला जोर लावला की त्याच्याबरोबर अख्खा क्रँक फिरतो. मग तोडगे सुरू होतात. कोणी फ्लायव्हीलच्या दातांत स्क्रूड्रायव्हर अडकवतो. त्यात एखादा दात तरी जातो, नाहीतर गिअरबॉक्सच्या ॲल्युमिनियमच्या कवचाला तडा जातो. कोणी पुलीभोवती चेन पान्हा आवळतो. पण पुष्कळ गाड्यांत ही पुली एकसंध नसते. मधला हब वेगळा, बाहेरचं कडं वेगळं आणि दोहोंच्या मध्ये रबराचा थर. कड्यावर जोर आला की रबर सुटतं. तीन पायांचा पुलर कड्यात अडकवून ओढला तरी तेच होतं. असल्या पुलीला हबवर धरणारंच हत्यार लागतं. माझ्या गाडीची जुनी पुली एका गॅरेजनं अशीच सैल करून ठेवली होती. पट्टा किंचाळायचा, आणि खरं कारण सापडेपर्यंत अल्टरनेटरचे बेअरिंगही बदलून झाले होते.

तिसरा तोडगा सर्वांत धोक्याचा, कारण तो सांगणारा अगदी खात्रीनं सांगतो: बोल्टला लांब दांडा लावा, तो चेसिसला टेकवा आणि स्टार्टर एकदाच मारा, बोल्ट आपोआप सुटेल. बहुतेक इंजिनं पुलीच्या बाजूनं पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतात, तिथे हे जमून जातं. तरी मी ते करणार नाही, निसटलेला दांडा कुठे बसेल याचा नेम नाही. पण या सिटीतलं डी-सीरिज इंजिन उलटं फिरतं. बोल्टचे आटे मात्र नेहमीचेच, सरळ. म्हणजे स्टार्टर मारला की बोल्ट सुटायच्या ऐवजी आणखी आवळतो. २००३ नंतरच्या सिटीत एल-सीरिज इंजिन आलं, ते इतरांसारखं सरळ फिरतं. नाव तेच, कंपनी तीच, दिशा उलट. म्हणून हत्याराच्या आधी इंजिनाची ओळख करून घ्या.

योग्य हत्यार दिसायला अगदी साधं आहे. पुलीच्या मधोमध षटकोनी खाच असते, समोरासमोरच्या बाजूंत ५० मिलिमीटर अंतर. तिच्यात बसणारा पोकळ षटकोनी तुकडा आणि त्याला लांब दांडा. तुकड्याच्या पोटातून गोटी आत जाते आणि बोल्टवर बसते. एका हातानं पुली अडवायची, दुसऱ्यानं बोल्ट फिरवायचा.

हे आणायला मी मुंबईत नागदेवी स्ट्रीट आणि पुण्यात बोहरी आळी, दोन्ही पालथ्या घातल्या. ‘क्रँक पुली होल्डर’ म्हटलं की प्रत्येक दुकानदार मान डोलावतो आणि आपल्याकडे जे आहे ते पुढे करतो. दोन पिनांचा चिमटा, ऑइल फिल्टरची साखळी, आणि एकानं तर ‘साहेब, युनिव्हर्सल आहे, सगळ्याला चालतो’ म्हणून पट्ट्याचा पान्हा दिला. त्यात दुकानदाराचा तरी काय दोष? नाव ऐकून तो एवढंच देऊ शकतो. व्हर्नियर लावून खाच मोजली, कागदावर आकृती काढून ५० लिहिलं, तेव्हा एका म्हाताऱ्या दुकानदारानं होल्डरचं नावही न काढता एक मोठा नट काउंटरवर ठेवला. एम ३३ चा नट. त्याच्या समोरासमोरच्या बाजूंत बरोबर ५० मिलिमीटर असतात आणि मधल्या भोकातून साधी गोटी आरामात जाते. जाड भिंतीची इम्पॅक्ट गोटी घेणार असाल तर ती आधी नटातून घालून पाहा. भोसरीतल्या एका फॅब्रिकेटरनं त्याला जाड पाइप आणि दांडा वेल्ड करून दिला.

बोल्ट सोडवताना गाडी जॅकवर नको, जॅकस्टँडवर हवी आणि डावं पुढचं चाक काढलेलं. गोटी सहा कोनी घ्या. बारा कोनी गोटी अशा बोल्टचं डोकं गोल करते. लांब एक्स्टेन्शन पीळ खातं आणि वाकडं होतं, म्हणून त्याचं बाहेरचं टोक दुसऱ्या स्टँडवर टेकवा. दांडा लांब ठेवा: एक मीटरच्या टोकाला वीस किलोचा जोर दिला की साधारण २०० न्यूटनमीटर होतात, त्यासाठी पैलवान लागत नाही. पुन्हा आवळायला टॉर्क पान्हा हवाच, पण सोडवायला तो कधीही वापरू नका.

हेच मापाचं पथ्य इतर ठिकाणीही लागू पडतं. चाकणला बनलेल्या पोलोच्या ड्राइव्हशाफ्टचे बोल्ट पाहून लोक टॉर्क्सचा बिट घालतात. टॉर्क्सला सहा टोकं, या बोल्टच्या खाचेत बारा, आणि प्रत्येक कोपरा काटकोनाचा. त्याला स्प्लाइन बिट लागतो. खाचेतली माती टोकदार खिळ्यानं काढून टोकं मोजा, मग बिट हातोडीनं ठोकून पूर्ण बसवा. ऑक्सिजन सेन्सरला २२ मिलिमीटरची गोटी, पण वायर बाहेर काढायला बाजूनं चीर असलेली. स्पार्क प्लगला काही गाड्यांत २१, काहींत १६.

काही हत्यारं मात्र विकत घेऊच नयेत. फियाटचं १.३ मल्टीजेट डिझेल इंजिन स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत कितीतरी गाड्यांत बसलं, रांजणगावलाही बनलं. त्याची टायमिंग चेन बदलताना दोन्ही कॅमशाफ्ट आणि फ्लायव्हील पिना घालून जागच्या जागी अडकवावे लागतात. एका गाडीसाठी तो संच घेणं परवडत नाही. तेव्हा गॅरेजवाल्याला काम देण्याआधी विचारा, ‘कॅम कशानं लॉक करणार?’ तो पिना काढून दाखवेल तर गाडी ठेवा. ‘व्हाइटनरनं खूण करतो, काही होत नाही’ म्हणाला, तर किल्ली परत मागून घ्या.