पाट्यांसाठी लेझर कोणता घ्यावा?

प्रश्न : घरांच्या नावाच्या पाट्या बनवण्याचा माझा छोटा व्यवसाय आहे. अॅक्रिलिक आणि लाकडाचं काम जास्त, स्टील-पितळेचं क्वचित. कोणतं लेझर मशीन घेऊ?

उत्तर : तुमच्या कामाला सीओटू लेझरच हवा. त्याचा १०.६ मायक्रॉनचा किरण अॅक्रिलिक आणि लाकूड सहज शोषून घेतात. स्वस्तातला निळा डायोड लेझर पारदर्शक अॅक्रिलिकमधून आरपार निघून जातो, त्यामुळे तो मोह टाळा. धातूवर कोरायला फायबर लेझर लागतो, पण क्वचितच्या कामासाठी पैसे कशाला अडकवायचे? ते बाहेरून करून घ्या.

वॅटच्या आकड्यापेक्षा बेडचा आकार आधी पाहा. तुमची नेहमीची सर्वांत मोठी पाटी त्यात मावली पाहिजे. सीओटू लेझरच्या काचेच्या ट्यूबला थंड पाणी लागतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात नुसती बादली आणि पंप पुरत नाही, चिलरचे पैसे धरूनच हिशेब करा. धूर बाहेर काढणारा ब्लोअरही हवाच.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका : सनबोर्ड, फोमशीट अशा पीव्हीसीच्या वस्तू लेझरखाली घालू नका. त्यातून हायड्रोजन क्लोराईड वायू निघतो. तो फुफ्फुसांना घातक, शिवाय मशीनही गंजवतो. गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी हे काम राउटरवरच करा.

कोरीव अक्षरं पांढरीशुभ्र हवी असतील तर कास्ट अॅक्रिलिक मागा. एक्स्ट्रूडेड शीटवर ती फिकी उमटतात.